आम्हाला काही उकडत नाही

चावीवालीकडे कोणी नवी चावी करून घ्यायला आलं, की ती आधी चावीकडे बघत नसे, माणसाकडे बघे.

"कुठल्या दाराची?"

"घराच्या."

"तुमच्याच?"

"मग काय शेजाऱ्याच्या?"

"तेच विचारतेय."

गिऱ्हाईक वैतागायचं, कपाळाला आठ्या घालायचं, पण उत्तर द्यायचं. साबणाच्या वडीवर चावीचा ठसा घेऊन आलेल्या एकाला तिने भर रस्त्यात असं काही फैलावर घेतलं होतं, की तो वडी तिथेच टाकून पळाला. त्या वडीने तिने पुढे बरेच दिवस हात धुतले. धंदा तिच्या वडिलांचा. कानस हातात देण्याआधी त्यांनी लेकीला संशय घ्यायला शिकवलं, आणि लेक त्या विषयात बापाच्याही पुढे गेली. नवरा ट्रकवर, महिन्यातून एखादा आठवडा घरी. एरवी घरात ती, सासूबाई आणि लग्नाची लेक अशा तिघीजणी, आणि एका दाराला तीन कुलपं. सासूबाई म्हणायच्या, "उद्या देव दारात आला तर आमची सून म्हणेल, आधी ओळखपत्र दाखवा, मग पाया पडते."

तिची पेटी होती हमरस्त्याच्या फुटपाथवर. चाकं लावलेली लोखंडी पेटी, वर चावी कापायचं छोटं यंत्र, मागे फळीवर टांगलेल्या कोऱ्या चाव्या, आणि डोक्यावर एक काळी छत्री आणि खांबाला बांधलेली निळी ताडपत्री. रस्ता एके काळी अरुंद होता आणि दोन्ही बाजूंना झाडं होती. मग रुंदीकरण आलं, झाडं गेली. झाडांच्या जागी गाड्या आल्या. त्यानंतर समोर काचेची उंच इमारत उभी राहिली आणि रस्त्याचं पुरतं वाटोळं झालं. सकाळी ऊन वरून यायचं, दुपारनंतर समोरून. सूर्य पश्चिमेला कलला की त्या काचा त्याला पकडून थेट चावीवालीच्या तोंडावर मारायच्या. शेजारच्या दुकानांची एसीची यंत्रं भिंतीला फुटपाथच्या उंचीवर लावलेली. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पोटऱ्यांवर ती भट्टीचा वारा सोडायची. डांबर मऊ व्हायचं, चप्पल उचलताना चर्र आवाज यायचा. पितळी कुलपं इतकी तापायची, की चावीवाली ती ओल्या फडक्यात धरूनच उघडायची. बारा ते पाच त्या रस्त्यावर माणूस थांबत नसे. जो दिसायचा तो पळताना दिसायचा.

गंमत अशी, की तिची लेक त्याच काचेच्या इमारतीत खाली चौकशीच्या टेबलावर बसायची आणि भर उन्हाळ्यात स्वेटर घालून जायची.

"आत थंडी वाजते गं," लेक म्हणायची.

"वाजेल नाहीतर काय! तुमची सगळी ऊब आमच्याकडे पाठवता ना."

त्या वर्षी उन्हाळा लवकर चढला, आणि एके दिवशी दुपारी एक बाई ढकलगाडीसारखं काहीतरी ओढत रस्त्यावर आली. गाडीवर एक दांडा, दांड्यावर पांढरा गोळा, एक काळा गोळा, वाऱ्यावर फिरणाऱ्या वाट्या आणि खाली तारांचं जंजाळ. डोक्याला टोपी, गळ्यात पालिकेचं ओळखपत्र. बाई दहा पावलं चालायची, थांबायची, यंत्राकडे बघायची, परत चालायची. रस्त्याने तासाभरात तिचं नाव ठेवलं: मोजणीवाली.

मोजणीवाली चावीवालीच्या पेटीपाशी येऊन थांबली.

"ताई, दोन मिनिटं बोलू का?"

"चावी करायचीय?"

"नाही, मी शहर रचना विभागातून आलेय. रस्त्यावरच्या उष्णतेचा अभ्यास करतोय आम्ही. तुम्ही दिवसभर इथे बसता. उन्हाचा त्रास होतो का?"

चावीवालीने तिला टोपीपासून बुटापर्यंत न्याहाळलं. चेहरा लाल झालेला, ओठ सुकलेले. आवाज गोड. आणि गोड आवाजानेच तिच्या मनात धोक्याची घंटा वाजली.

कारण हा गोड आवाज तिने आधी ऐकला होता. बापाच्या काळात त्यांची जागा जुन्या मंडईबाहेर होती. तिथेही अशीच गोड बोलणारी माणसं आली होती. तुम्हाला इथे काय गैरसोय होते, मोकळेपणाने सांगा. सगळ्यांनी भाबडेपणाने सांगितलं. गटार तुंबतं, जागा पुरत नाही, पाणी नाही. पुढच्याच हिवाळ्यात हुकूम निघाला: तुमची इथे फार गैरसोय होते, सबब मंडई शहराबाहेर हलवण्यात येत आहे. शहराबाहेर कुत्रं फिरकलं नाही. बापाने त्या वर्षी अंथरूण धरलं ते पुन्हा सोडलं नाही. तेव्हापासून चावीवालीने एक गाठ मारून ठेवली होती: सरकारी माणसाला आपलं दुखणं कळू द्यायचं नाही.

"त्रास? कसला त्रास?" ती कपाळावरचा घाम पदराने पुसत म्हणाली. "आम्हाला काही उकडत नाही."

मोजणीवालीने यंत्राकडे बघितलं, मग तिच्या घामाकडे. "अजिबात नाही?"

"छान वारा असतो इथे."

तेवढ्यात शेजारच्या एसीच्या यंत्राने एक सणसणीत झोत सोडला आणि एकीचा पदर आणि दुसरीची ओढणी उडाली. "बघा," चावीवाली म्हणाली, "आलाच."

मोजणीवाली पुढे सरकताच चावीवाली उठली आणि फळवाल्याकडे गेली. फळवाला तिचा शेजारी, हातगाडीवर केळी-पपया लावायचा. जाडजूड, गप्पिष्ट, जगावर विश्वास ठेवणारा गडी.

"भाऊ, ती बाई तुमच्याकडे येईल. उकडतं म्हणून सांगू नका."

"का? उकडतं की! कालच मी बायकोला म्हटलं, माझा उकडून काढलेला बटाटा झालाय."

"बायकोला सांगा हवं तेवढं. हिला सांगितलंत तर उद्या म्हणतील, बिचाऱ्यांना उन्हाचा त्रास होतो, हलवा यांना सावलीत. आणि सावली कुठे? शहराबाहेर."

फळवाला विचारात पडला. मंडईची गोष्ट त्यालाही माहीत होती. संध्याकाळपर्यंत चावीवाली बूटवाल्याला, घड्याळवाल्याला, पिशव्या विकणाऱ्या दोघी जावांना, सगळ्यांना भेटून आली. दुसऱ्या दिवशी मोजणीवाली सगळ्यांना विचारत हिंडली आणि सगळा रस्ता घामाने निथळत एकच सांगत राहिला: आम्हाला काही उकडत नाही. थोरल्या जावेने तर खांद्यावर शाल घेतली होती. तेवढं मात्र जरा जास्तच झालं.

पण बाई जाईना. रोज यायची. कधी सकाळी, कधी ऐन दुपारी. फुटपाथवर वाकून फरशीला हात लावायची, दुकानांच्या छज्ज्यांचे फोटो काढायची. चावीवालीची झोप उडाली. "ही फोटो कसले काढते? आमची ताडपत्री किती बाहेर आलीय, त्याचे काढते," तिने ताडलं. लगेच दुसरा निरोप फिरला: ताडपत्र्या काढा. रस्ता मोकळा दिसला पाहिजे. अडथळा म्हणायला जागाच ठेवायची नाही.

"मग उभं कसं राहायचं?" फळवाल्याने विचारलं.

"थोडे दिवस काढा. ती कंटाळेल आणि जाईल."

फळवाल्याने कुरकुरत ताडपत्री सोडली, घडी करून गाडीखाली ठेवली आणि डोक्याला ओला पंचा गुंडाळला. चावीवालीनेही आपली निळी ताडपत्री उतरवली. छत्री तेवढी राहिली.

घरी सासूबाईंनी ही हकिगत ऐकली आणि त्या खळखळून हसल्या. "म्हणजे तिला उन्हाचं कळू नये म्हणून तुम्ही उन्हात बसलात?"

"अहो आई, तुम्हाला यातलं नाही कळायचं."

"नसेल कळत बाई. पण ज्याला लपवायचं असतं तो निदान सावलीत तरी लपतो."

त्याच संध्याकाळी लेकीने बूट काढता काढता सहज सांगितलं, "आई, तुमची ती मोजणीवाली आज आमच्याकडे आली होती. मोठ्या साहेबांना भेटायला. बराच वेळ दार बंद करून बसले होते."

चावीवालीच्या हातातली वाटी तशीच राहिली. "काय बोलत होते?"

"मला काय माहीत? जाताना साहेब म्हणाले, बघू, समोरचा फुटपाथ नीटनेटका झाला तर आम्हालाही हवंच आहे."

नीटनेटका! चावीवालीला आणखी काही ऐकायची गरज उरली नाही. काचेवाल्यांना समोर पेट्या आणि हातगाड्या नको असणार, हे उघड होतं. बाई पालिकेची, पण सुपारी काचेवाल्यांची.

दोन-चार दिवसांनी सकाळी ती पेटी लावायला गेली, तर तिच्या जागेवर फरशीवर पांढऱ्या रंगाने एक गोल काढलेला, आत फुली. ती तशीच उभी राहिली. मग तिने आजूबाजूला नजर टाकली. बूटवाल्यासमोर एक गोल होता. पिशव्यांच्या जागेजवळ एक. फळवाल्यासमोर नव्हता.

फळवाल्यासमोर का नाही?

ही शंका एकदा मनात शिरली ती घर करून बसली. काल संध्याकाळी फळवाल्याने मोजणीवालीला केळं दिलं होतं, तिने स्वतः पाहिलं होतं. दोघं हसत होते. एवढं काय हसण्यासारखं होतं?

"भाऊ," ती त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली, "तुमच्या जागेवर फुली नाही."

"तेच म्हणतोय मी," फळवाला म्हणाला, आणि त्याच्या आवाजात तिला न आवडणारं काहीतरी होतं. "तुला गोल मिळाला, मला नाही. तू सगळ्यांना गप्प बसवलंस आणि स्वतःची जागा पक्की करून घेतलीस होय?"

"जागा पक्की? अहो, फुली मारलीय, फुली! उडवणार आहेत मला."

"उडवायचं असेल तर पांढऱ्या रंगाने सजवून कशाला उडवतील? जागा आखून दिलीय तुला."

"तुम्ही केळं चारलंत तिला!"

"उन्हाने कासावीस झाली होती ती! माणूस आहे की नाही?"

"आणि बदल्यात काय सांगितलंत?"

फळवाल्याने मान फिरवली आणि तो पपयांवर पाणी मारायला लागला. एकच गोल, पण त्यात एकाला मरण दिसत होतं आणि दुसऱ्याला वतन. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद झालं. चावीवालीने पेटी अशी वळवली की तिची पाठ हातगाडीकडे व्हावी. इतकी वर्षं रोज एकमेकांचा गल्ला सांभाळणारी दोन माणसं हातभर अंतरावर अनोळखी झाली.

आणि म्हणूनच त्या दुपारी तिला उशिरा कळलं.

हवा हलत नव्हती. समोरच्या काचा पेटल्यासारख्या चमकत होत्या. चावीवाली एका बॅगेच्या कुलपाशी झटत होती. मागून फळवाला काहीतरी बोलत असल्याचं तिने ऐकलं. गिऱ्हाइकाशी बोलत असेल, तिने दुर्लक्ष केलं. बोलणं चालूच राहिलं. मग तिच्या लक्षात आलं, की समोरून कोणी उत्तर देत नाही. तिने वळून पाहिलं. फळवाला हातगाडीच्या दांड्याला धरून उभा होता आणि रिकाम्या रस्त्याला सांगत होता, "गाडी आत घ्या, पाऊस येतोय. गाडी आत घ्या." चेहरा लालभडक, पण अंगावर घामाचा थेंब नाही. ती उठेपर्यंत तो गुडघ्यांवर कोसळला आणि केळ्यांचे घड त्याच्या अंगावर घसरले.

"भाऊ! अहो भाऊ!" तिने हात लावला. तापलेल्या पितळासारखं अंग.

बूटवाला धावत आला. दोघांनी मिळून त्याला काखेत धरून उचललं. सावलीत न्यायचं, पण सावली होती कुठे? ताडपत्र्या घड्या करून गाड्यांखाली ठेवलेल्या. छत्रीखाली अर्धा माणूस मावेना. चावीवालीने एकदा डावीकडे बघितलं, एकदा उजवीकडे, आणि मग सरळ समोरच्या इमारतीकडे बोट केलं. गाड्या करकचून थांबल्या, शिव्या आल्या. दोघं फळवाल्याला ओढत काचेच्या दारापर्यंत पोचले.

रखवालदार आडवा झाला. "इथे नाही आणायचं. मागच्या बाजूने जा."

"मरतोय तो!"

"वरून परवानगी लागते, बाई."

आत टेबलामागून तिची लेक उठली. जन्मात कधी कोणाला उलट न बोललेली पोर. तिने येऊन आतून दार उघडलं, उघडंच धरलं आणि रखवालदाराला म्हणाली, "काका, पाय धरा त्यांचे." त्याने मुकाट्याने धरले.

आत गारवा असा अंगावर आला, की चावीवालीला हुडहुडी भरली. चकाचक फरशीवर फळवाला, त्याच्या अंगावर ओल्या टेबलक्लॉथची घडी, लेकीने फ्रिजमधून आणलेल्या बाटल्या त्याच्या मानेखाली आणि काखेत. रुग्णवाहिका आली. डॉक्टरांनी नंतर सांगितलं, उष्माघात. अजून थोडा वेळ उन्हात राहिला असता तर हाती लागला नसता. तो वाचला, पण मूत्रपिंडाला झटका बसला होता, आणि पुढचे बरेच दिवस तो दवाखान्यात पडून राहिला. चावीवाली भेटायला गेली तेव्हा त्याची बायको दाराशीच म्हणाली, "ताडपत्री काढायला तुम्हीच सांगितलं होतं ना?" चावीवालीला आत जायला सुधरलं नाही. आणलेली मोसंबी तिने बाकावर ठेवली आणि ती परत फिरली.

पण घरी न जाता ती पालिकेच्या इमारतीत गेली. जिने चढताना राग वाढत गेला. कोणावर तरी ओरडल्याशिवाय तिला श्वास घेता आला नसता, आणि ओरडण्यासारखं माणूस एकच होतं.

शहर रचना विभागाच्या खोलीत पंखा करकरत होता आणि मोजणीवाली हाताने वारा घेत कागदांमध्ये बसली होती. उन्हाचं खातं, आणि खोलीत जीव घुसमटेल इतका उकाडा.

"तुमच्यापायी माणूस मरता मरता वाचला!" चावीवालीने दारातूनच सुरुवात केली. "तुम्ही फोटो काढलेत म्हणून ताडपत्र्या काढल्या आम्ही. फुल्या मारून गेलात. समोरच्या साहेबांशी संगनमत केलंत. हलवायचंय ना आम्हाला? मग सरळ सांगा, असं उन्हात भाजून का मारता?"

मोजणीवाली उभी राहिली. तिचा चेहरा पडला होता. "कोण पडलं? फळवाले काका?"

"सोंग नको."

"ताई, मी सोंग करत नाहीये." आता तिचाही आवाज चढला. "उन्हाळाभर मी तिथे जीव काढला. माझं यंत्र सांगतंय, या शहरात त्याच्याइतका तापणारा रस्ता नाही. आणि तिथला एकूण एक माणूस मला सांगतो, छान वारा असतो! माझे साहेब म्हणतात, लोकांची तक्रारच नाही तर तिथे खर्च कशाला, आधी दुसरा रस्ता घेऊ. शाल पांघरून बसल्या होत्या एक बाई! ते मी वर काय म्हणून सांगू?"

चावीवालीने समोरची खुर्ची ओढून घेतली. पण संशय असा एका बैठकीत थोडाच जातो? "मग त्या फुल्या?"

"झाडांच्या. तिथे आळी खणायची आहेत. काकांच्या गाडीखालून पाण्याची मोठी नळी जाते, म्हणून तिथे झाड नाही."

"आणि काचेवाला साहेब?"

"त्याच्याशी भांडायला गेले होते. काचांवर ऊन अडवणाऱ्या पट्ट्या लावा आणि एसीची यंत्रं गच्चीवर न्या, म्हणून. तो फुटपाथ नीटनेटका करा म्हणतो, मी म्हटलं आधी तुमचं ऊन आवरा."

"दाखवा," चावीवाली म्हणाली.

"काय?"

"काय करणार आहात ते. तोंडी नको."

मोजणीवालीने टेबलावर एक मोठं रंगीत चित्र पसरलं. रस्ता तोच, पण ओळखू येईना. फिकट रंगाची फरसबंदी, दोन्हीकडे झाडं, झाडांभोवती बाक, खांबांवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणलेली कापडी छतं. बाकांवर लोक बसलेले, एक मुलगी सायकल धरून हसत उभी, कोणाचं तरी केसाळ कुत्रं. चावीवालीने चित्रावर वाकून इंच न् इंच बघितलं, एखाद्या कुलपाच्या आत बघावं तसं. मग बोट ठेवलं.

"इथे मी बसते. मी कुठाय?"

मोजणीवालीने चित्राची कड सारखी केली.

"हातगाडी कुठाय? बूटवाला? कुत्र्याला जागा आहे. मला नाही."

"काढायला हवं होतं," मोजणीवाली हळू आवाजात म्हणाली. "पहिल्या चित्रात काढलं होतं. वरून पुसून आलं. म्हणाले, मंजुरीला पाठवताना स्वच्छ दिसू दे."

"म्हणजे माझा संशय खोटा नव्हता."

"अर्धा खोटा नव्हता."

पंख्याने एक कागद उडवला, तो दोघींनी एकदमच पकडला. शेवटी मोजणीवाली म्हणाली, "तुम्ही सगळे येऊन साहेबांना खरं सांगाल का? की उकडतं, आणि सावली झाली तर तिच्यात आम्हीही असणार? मी एकटी सांगून झालंय. माझं कोणी ऐकत नाही."

"आणि सांगितल्यावर हलवलंत तर?"

"ते माझ्या हातात नाही. खोटं वचन मी देणार नाही."

हे शेवटचं वाक्य चावीवालीला आवडलं. हो म्हणाली असती तर ती उठून गेली असती.

रस्त्यावर परत सगळ्यांना भेटणं आलं, आणि या वेळी उलटं सांगणं. लोकांनी तिला चांगलंच धारेवर धरलं. "परवा म्हणालीस उकडत नाही, आज म्हणतेस उकडतं. तुझं ऐकून एक आडवा झाला," बूटवाला म्हणाला. तिने खाली मान घालून ऐकून घेतलं, पण दुसऱ्या दिवशी त्यांना पालिकेत घेऊन गेली. साहेबांच्या खोलीत एसी होता. थोरल्या जावेने आत शिरताच विचारलं, "साहेब, ही खिडकी उघडली तर चालेल का? थोडा वेळ आमच्यासारखं बसून बघा." साहेब हसले नाहीत, पण त्यांनी ऐकलं. फळवाल्याच्या आजारपणाची बातमी तोवर छापून आली होती, त्याचाही धाक असेल. चित्र बदललं. मोजणीवाली नवं चित्र दाखवायला स्वतः पेटीपाशी आली. झाडाशेजारी एक चिमुकली पेटी आणि तिच्यावर छत्री.

"छत्री लाल काढलीत. माझी काळी आहे," चावीवाली म्हणाली. "ही दुसरीच कोणीतरी बसवायचा विचार दिसतोय."

मोजणीवालीने पिशवीतून पेन काढलं आणि तिच्यासमोर छत्री काळी केली.

थंडी सुरू झाल्यावर खोदकाम निघालं. सगळ्यांना तात्पुरतं मागच्या बोळात बसायला सांगितलं. सगळे गेले. चावीवाली स्वतः गेली, पण पेटी हलवेना. तिने जाड साखळीने पेटी दिव्याच्या खांबाला बांधली आणि साखळीला असं कुलूप घातलं, की मुकादमाच्या माणसांनी डोकी आपटली तरी ते उघडेना.

"बाई, हा खांबच काढायचाय आम्हाला!" मुकादम बोळात येऊन करवादला.

"मग पेटीसकट काढा आणि पेटीसकट लावा."

"मी साखळी कापेन."

"कापा. मी दुसरी घालेन. माझा धंदाच तो आहे."

शेवटी असं ठरलं, की रोज सकाळी तिने येऊन कुलूप उघडायचं, माणसांनी पेटी बाजूला सारायची, काम करायचं आणि संध्याकाळी पेटी जागेवर आणून तिच्यासमोर बांधायची. मुकादम आधी दातओठ खायचा. मग ती आली की पाणी विचारायला लागला. फरशी बसवताना त्यानेच तिच्या जागी बेताच्या उंचीचा दगडी ओटा करून दिला. पेटीच्या चाकांना अटकाव होईल एवढी कडही ठेवली. "आता तरी साखळी काढा," तो म्हणाला. तिने काढली नाही.

पुढचा उन्हाळा आला तेव्हा झाडं माणसाच्या डोक्याइतकी उंच होती, त्यांची सावली मांजराला पुरेल इतकीच. पण वरच्या कापडी छतांनी रस्ता झाकला होता आणि फरशी फिकट होती, तिच्यावर अनवाणी पाय टेकवता येत होता. एसीची यंत्रं गच्चीवर गेली. काचेवाल्याने भांडत-भांडत खालच्या मजल्यांनाच पट्ट्या लावल्या. वरच्या काचा अजूनही साडेचारच्या सुमाराला तिरीप मारतात. बूटवाल्यासमोरचं झाड मेलं. त्याला पाणी घालायचं काम कोणाचं, यावर दोन खात्यांची पत्रापत्री चालू होती तोवर ते वाळून गेलं. "मी म्हटलं नव्हतं?" चावीवालीने मोजणीवालीला सुनावलं. तिने म्हटलं नव्हतं, पण मोजणीवालीने वाद घातला नाही. नवं रोप आणून लावलं, आणि त्याला पाणी घालायचं काम बूटवाल्याने आपल्याकडे घेतलं.

फळवाला परतला. निम्मा झाला होता, शर्ट खांद्यावरून लोंबत होता. आता तो सकाळीच गाडी लावतो, दुपारी बायको उभी राहते. पहिल्या दिवशी त्याने चावीवालीकडे बघितलंही नाही. दुसऱ्या दिवशी ती स्वतः गेली.

"भाऊ, चुकलं माझं."

"हं."

"केळं तुम्ही माणुसकीने दिलं होतंत. मी नको ते बोलले."

तो बराच वेळ घड लावत राहिला. मग म्हणाला, "ताडपत्री मीच सोडली होती. तू हात धरला नव्हतास. पण अजून तुझ्याशी गप्पा माराव्याशा वाटत नाहीत. वाटलं की मारीन."

"बरं," ती म्हणाली, आणि आपल्या पेटीपाशी आली. एवढंच झालं. पण पेटी तिने पूर्वीसारखी हातगाडीकडे तोंड करून लावली. अजून त्याने गप्पा मारलेल्या नाहीत. मात्र बायको यायच्या आधी त्याला कुठे जायचं असलं, की गल्ला बंद न करताच जातो.

दुपारचं गिऱ्हाईक वाढलं, कारण दुपारी माणसं त्या रस्त्याने चालायला लागली. झाडाभोवतीच्या बाकावर तर रोज दोन म्हातारे येऊन बसतात. त्यांना चावी करायची नसते, कुलूप उघडायचं नसतं, कुठे जायचंही नसतं. पायातल्या चपला काढतात, पाय फरशीवर ठेवतात आणि संध्याकाळपर्यंत कुठल्या तरी जुन्या नोकरीवरून वाद घालतात. वाद रंगला की एकाचं कोपर तिच्या फळीला लागतं आणि सगळ्या कोऱ्या चाव्या किणकिणतात. चावीवालीने सासूबाईंना सांगितलं, एवढा वेळ काही न घेता कोणी बसतं का, यांचा काहीतरी डाव असणार. सासूबाई म्हणाल्या, सावली आहे म्हणून बसले असतील. तिला ते पटत नाही. त्यांना उठवायचं तिच्या जिवावर येतं खरं, पण पेटीचा त्यांच्या बाजूचा खण तिने तेव्हापासून कुलूप लावूनच ठेवलाय.